सशाची वाट आणि चांद्याची माती



वैशाखातली ही संध्याकाळ. दिवसभराच्या उन्हाने तापलेल्या भिंती अजून निवल्या नाहीत, आणि तरीही आपण एवढ्या संख्येने येथे येऊन बसला आहात. याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. आमचे एक स्नेही नेहमी म्हणत की, चांद्याच्या वैशाखात कुंभाराने आवा पेटवण्याची तसदी घेऊच नये. मडकी अंगणात मांडून ठेवली तरी दुपारपर्यंत भाजून निघतील. विनोद जुनाच आहे. पण आमचा आजचा विषय माती आणि ती भाजणे हाच असल्यामुळे त्याची आठवण झाली.

व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला, तेव्हा आम्ही "मातीची जनावरे" असे सांगितले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "म्हणजे हे मुलांसाठी का?" त्यांचा प्रश्न रास्त होता. कालच्या वक्त्यांनी अर्थकारणावर बोलावे, उद्याच्यांनी राज्यघटनेवर बोलावे, आणि मध्येच आम्ही मातीचा ससा घेऊन उभे राहावे, हे थोडे विचित्र दिसते खरे. परंतु ज्या नगरात आपण बसलो आहोत, त्या नगराचा आरंभच मुळी एका सशापासून झाला असे येथली परंपरा सांगते. तेव्हा सशाला या व्यासपीठावर थोडी जागा मिळावी, एवढीच आमची विनंती.

ती कथा आपणांपैकी अनेकांनी आजीच्या तोंडून ऐकली असेल. तरी ती पुन्हा सांगतो, कारण पुढचे सारे बोलणे तिच्यावरच उभे आहे.

गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा याच्या अंगावर गाठी आणि फोड उठले होते. उपाय चालेनात. राणी शहाणी होती. तिच्या सांगण्यावरून त्याने शिरपूर सोडले आणि वर्धेच्या काठी बल्लारपूरला किल्ला बांधला. एके दिवशी शिकारीला निघालेला राजा तहानेने व्याकूळ झाला. झरपटीच्या कोरड्या पात्रात एका खळग्यात त्याला पाणी दिसले. तो प्याला, हातपाय धुतले. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली, आणि सकाळी राणी पाहते तो फोड गेलेले. ती जागा शोधून काढली. वाळू आणि गवत दूर केले, तेव्हा खडकात गाईच्या पावलांचे पाच ठसे, पाण्याने भरलेले. तेच अचलेश्वराचे तीर्थ. तेथे देऊळ बांधायला घेतले आणि राजा ते काम पाहायला रोज घोड्यावरून येऊ लागला.

अशाच एका सकाळी झुडपातून एक ससा उडी मारून बाहेर आला. राजाचा कुत्रा त्याच्यावर धावेल असे कोणालाही वाटावे. पण झाले उलटेच. ससाच कुत्र्याच्या मागे लागला! कुत्रा पुढे आणि ससा मागे, अशी ती जोडी मोठ्या वर्तुळात धावत राहिली. राजा चकित होऊन मागोमाग घोडा दौडवत होता. अखेर कुत्र्याने उलटून सशाला धरले आणि मारले. राजाने जवळ जाऊन पाहिले, तर सशाच्या कपाळावर पांढरा ठिपका. राणीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, हा शुभशकुन आहे. ससा ज्या वाटेने धावला त्या वाटेवर तट बांधा आणि आत नगर वसवा. पण तिने एक इशाराही दिला. ससा जेथे मारला गेला तेथे बुरूज अधिक मजबूत करा, कारण नगराला धोका होईल तो त्याच जागी होईल.

इतिहासाच्या काट्यावर ही कथा तोलण्याचा आमचा विचार नाही. पण तिचा आशय पाहा. राजांनी नगरे वसवली, अशा कथा जगात पुष्कळ आहेत. येथे मात्र नगराची आखणी राजाने केली नाही, ज्योतिषाने केली नाही. एका रानातल्या दुबळ्या प्राण्याने धावून ती करून दिली. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अचलेश्वर हे चार दरवाजे आणि पाच खिडक्या असलेला हा तट आपण रोज ओलांडतो, तेव्हा आपण सशाची वाट ओलांडत असतो.

आता आमचा पहिला प्रश्न. या नगरात तो ससा आहे कोठे? दरवाजांवर हत्तीला नमवणारा सिंह कोरलेला आहे. ते गोंड राजांचे राजचिन्ह. पाषाणात राजसत्तेने आपले बळ कोरले, हे स्वाभाविक आहे. ससा मात्र कोरला गेला नाही. तो आजीच्या तोंडी राहिला. आम्ही येथल्या बाजारात मातीच्या वस्तू पाहिल्या. पणत्या होत्या, माठ होते, पोळ्याचे बैल होते, साच्यातून काढलेले मोर आणि पोपटही होते. कपाळावर ठिपका असलेला ससा आमच्या पाहण्यात आला नाही. आजीच्या तोंडून गोष्ट थांबली की ससा नाहीसा होणार. हातांनी घडवलेली वस्तू मागे राहिली, तर ती पाहून निदान एखादे मूल विचारील, "आई, याच्या कपाळावर हे काय?"

हा विचार आमच्या मनात का आला, ते सांगतो. इंग्लंडातील काही कारागीर आपल्याकडच्या लोककथांतील प्राण्यांच्या मातीच्या मूर्ती हाताने घडवतात. त्यांत ससा अग्रभागी असतो. मान वर करून पूर्ण चंद्राकडे पाहणारा ससा हे तिकडचे फार आवडते शिल्प आहे. सशाबद्दल त्या बेटावर जुन्या काळापासून आदराची आणि भीतीची भावना दिसते. ज्युलियस सीझरने ब्रिटनवरील स्वारीचा वृत्तान्त लिहिला, त्यात तेथील लोक ससा, कोंबडी आणि हंस खाणे निषिद्ध मानतात अशी नोंद आहे. पुढे चेटकीण रात्री सशाचे रूप घेते, अशा गोष्टी खेड्याखेड्यांत पसरल्या. डेव्हन परगण्यातील जुन्या चर्चच्या लाकडी छतांवर तीन ससे वर्तुळात धावताना कोरलेले आहेत. ससे तीन आणि कानही तीनच, पण प्रत्येकाला दोन कान दिसतात! हेच चिन्ह चीनमधील तुन्‌ह्वांगच्या बौद्ध लेण्यांत त्याहून कित्येक शतके आधी रंगवलेले आहे. वर्तुळात धावणारा ससा म्हटले की आम्हांला झरपटीचा काठ आठवल्यावाचून राहत नाही. संबंध आहे असे आम्ही म्हणत नाही. पण मनुष्याचे मन दूरदूरच्या देशांत एकाच प्राण्याभोवती फिरत राहते, हे नवल आहे खरे.

आणि चंद्रावरच्या सशाचे काय? तो तर आपलाच. चंद्राला शशी आणि शशांक म्हणणारी भाषा आपली. भुकेल्या अतिथीसाठी स्वतःला अग्नीत झोकून देणारा आणि म्हणून चंद्रावर ज्याचे चित्र उमटले तो ससा जातककथांतला. तिकडचा ससा चंद्राकडे पाहतो. आपला ससा चंद्रावरच जाऊन बसला आहे.

इंग्लंडचे नाव काढले, म्हणून मातीच्या धंद्याची आणखी एक हकीगत सांगतो. ती फिरून आपल्याच नदीवर येते. स्टॅफर्डशायर हा तिकडचा कुंभारांचा परगणा. एकोणिसाव्या शतकात तेथे चिनी मातीच्या कुत्र्यांच्या जोड्या निघत. शेगडीवरच्या फळीवर डावीकडे एक आणि उजवीकडे एक कुत्रा बसवल्याशिवाय मजुराच्या घरालाही शोभा येत नसे. त्याच परगण्यात बर्स्लेम गावी एका मातीकामाच्या कारखान्यात जॉन लॉकवुड किपलिंग नावाचा तरुण नक्षीकार होता. तो १८६५ साली मुंबईस सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत शिल्प शिकवण्यासाठी आला. क्रॉफर्ड मार्केटच्या प्रवेशद्वारांवरील शेतकऱ्यांची आणि बाजारकऱ्यांची उठावचित्रे त्याचीच. हिंदुस्थानातील माणूस आणि जनावर यांच्या नात्यावर त्याने १८९१ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. मुंबईत १८६५ सालीच जन्मलेला त्याचा मुलगा म्हणजे रडयार्ड किपलिंग. स्टॅफर्डशायरमधील ज्या तलावाकाठी आईबापांची भेट झाली, त्या तलावाचे नाव मुलाला दिले. पुढे त्या मुलाच्या 'किम' या कादंबरीसाठी बापाने मातीची उठावचित्रे घडवली आणि त्यांची छायाचित्रे पुस्तकात छापली गेली.

'जंगल बुक' १८९४ साली निघाले आणि त्याचा दुसरा भाग १८९५ साली. मोगलीच्या लांडग्यांचे रान सिवनीचे आणि नदी वैनगंगा. ती वैनगंगा सिवनीहून निघून भंडाऱ्यावरून आपल्याकडे येते, चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या मधून वाहते, मार्कंड्याच्या देवळांचे पाय धुते, वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि शिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. किपलिंगने स्वतः सिवनीचे रान पाहिले नव्हते. दुसऱ्यांच्या पुस्तकांवरून त्याने ते रंगवले, आणि ते साऱ्या जगाने वाचले. आम्ही मात्र त्याच नदीच्या काठी जन्मतो, तिचे पाणी पितो, आणि आमच्या मुलांना वैनगंगेची जनावरे भेटतात ती परदेशी चित्रपटातून. यात किपलिंगचा दोष नाही. ज्याने गोष्ट घडवली त्याची ती झाली. आमच्याकडे गोष्टी होत्या. आम्ही त्या घडवल्या नाहीत.

आता मातीकडे वळू. हा जिल्हा मातीच्या बाबतीत दरिद्री नाही. भूगर्भशास्त्रज्ञ ज्या खडकांना गोंडवन खडक म्हणतात, त्यांचे नाव गोंडांच्या भूमीवरूनच पडले. वरोरा, माजरी, बल्लारपूर या पट्ट्यात कोळसा सापडतो तो याच खडकांत. कोळशाच्या थरांबरोबर पुष्कळदा उच्च उष्णता सोसणारी मातीही असते. आणि नदीनाल्यांच्या काठचा, तलावांच्या तळचा गाळ तर कुंभाराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. भद्रावतीस कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी गेल्या शतकाच्या पन्नाशीत ग्रामोदय संघाचे काम उभे केले ते याच मातीच्या भरवशावर. गांधीजींनी वर्ध्यास १९३४ साली ग्रामोद्योग संघ स्थापला. तोच विचार पुढे नेऊन कुंभाराच्या धंद्याला शास्त्राची जोड द्यावी, त्याला चांगली भट्टी आणि चांगले शिक्षण मिळावे, यासाठी भद्रावतीला खटपट झाली. त्याच भद्रावतीत भद्रनागाचे देऊळ आहे. एकाच गावात नागाची पूजा आणि मातीची विद्या! याहून आणखी काय हवे?

जनावरे घडवण्याची परंपराही आपल्याकडे नाही असे नाही. पोळ्याला ज्यांच्या दारी बैल नाही, ते मातीचा बैल पुजतात. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला पोरे लाकडी नंदी ओढत घरोघर जातात. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून आमच्या लेकी मातीचे भुलोजी आणि भुलाबाई मांडून गाणी म्हणतात. गडचिरोलीच्या पूर्वेस बस्तर लागले की मातीचे घोडे आणि हत्ती देवाला वाहिलेले दिसतात. कोंडागावचे कुंभार त्यासाठी प्रसिद्ध आहेत. व्हेरियर एल्विन यांनी मध्य भारतातील आदिवासींच्या कलेवर १९५१ साली जे पुस्तक लिहिले, त्यात माती आणि लाकूड यांच्या कामाची मोठी दखल घेतली आहे. म्हणजे हात आहेत, माती आहे, गोष्टी आहेत. तिघांची गाठ पडत नाही, एवढेच.

ही गाठ पाडून पाहावी, असे आम्हांला वाटले आणि पांढरपेशा उत्साहाने आम्ही स्वतःच ससा करायला बसलो. त्याची फजिती सांगितली पाहिजे, कारण तिच्यात शिकण्यासारखे आहे.

आम्ही तळ्याकाठची माती आणली, खडे वेचले, मळली आणि पोटभर मातीचा एक भरीव ससा केला. कान लांब आणि पातळ. तेच तर सशाचे वैभव! तो आम्ही उन्हात वाळत ठेवला. संध्याकाळी पाहतो तो कानांना मुळाशी चिरा पडलेल्या. त्या ओल्या मातीने बुजवल्या आणि ससा एका ओळखीच्या कुंभाराच्या आव्यात घातला. तासाभरात आत "फट्" असा आवाज झाला. आमच्या सशाचे तुकडे झाले आणि त्या तुकड्यांनी बिचाऱ्याची शेजारची चार मडकीही फोडली. आम्ही ओशाळून मडक्यांचे पैसे पुढे केले. म्हातारा हसला आणि म्हणाला, "पैसे राहू द्या जी. सशाच्या पोटात पाणी होतं, ते तुम्हांला दिसलं नाही. आगीला दिसलं."

भौतिकशास्त्राचा एक पाठ त्याने एका वाक्यात सांगितला. हाताला कोरडी वाटणारी मातीही आतून ओली असते. शंभर अंशांच्या पुढे त्या पाण्याची वाफ होते. माती जाड असली की वाफेला वाट मिळत नाही आणि ती वस्तू फोडून बाहेर पडते. सुमारे साडेचारशे ते सहाशे अंशांच्या दरम्यान मातीच्या कणांशी रासायनिक रीतीने बांधलेले पाणीही निघून जाते. तेथून मागे फिरणे नाही. ती माती पुन्हा भिजवून चिखल होत नाही. म्हणून पहिली आच मंद हवी. पुढे आवा चढला की सातशे ते नऊशे अंशांपर्यंत आपली तांबडी भाजणी होते. चकाकी चढवलेली दगडी मातीची भांडी बाराशेच्या पुढे भाजावी लागतात. ते गोवऱ्यांच्या आव्याचे काम नव्हे.

म्हाताऱ्याने मग आम्हांला ससा करून दाखवला. मातीत त्याने चाळलेली राख आणि थोडी घोड्याची लीद मिसळली. लीद जळून गेली की बारीक छिद्रे राहतात आणि वाफेला वाट मिळते. धड त्याने चाकावर काढले, लहान मडक्यासारखे पोकळ. ते थोडे आवळल्यावर थापटण्याने हलके ठोकून लांबट केले. डोके वेगळे केले, पाय वेगळे केले. जोडाच्या जागी दोन्हीकडे ओरखडे काढून पातळ चिखल लावला आणि दाबले. पोटाखाली काडीने एक भोक ठेवले. कान सर्वांत शेवटी, आणि ते ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले, म्हणजे धड आणि कान बरोबरच वाळावेत. "पातळ अंग आधी वाळतं, जाड अंग मागून वाळतं, आणि मग दोघांचं भांडण होतं," तो म्हणाला. सावलीत आठ दिवस. मग गेरूचा हात. आव्यात घालण्याआधी एक दिवस चुलीच्या उबेला.

आम्ही त्याला सशाची गोष्ट सांगितली होती. त्याने कपाळावर अंगठ्याने एक लहान खळगा केला आणि त्यात पांढरी माती भरली. रंगाचा ठिपका त्याने दिला नाही. "रंग जातो जी," एवढेच म्हणाला. तो ससा आज आमच्या टेबलावर आहे. साच्यातल्या सशासारखा तो गुळगुळीत नाही. त्याच्या पाठीवर बोटांचे वळ आहेत आणि एक कान किंचित वाकडा आहे. पण तो धावायला निघालेला ससा आहे, हे कोणीही सांगेल. साचा शंभर ससे देतो. ते शंभरही एकच असतात. हाताने केलेल्या प्रत्येक सशाला करणाऱ्याने एकदा तरी मनात धावताना पाहिलेले असते.

येथपर्यंत आमचे बोलणे गोड होते. पुढचे तितके गोड नाही. पण ते टाळले तर आम्ही आपणांशी प्रामाणिक राहिलो नाही असे होईल.

ससा झाल्यावर आमची हाव वाढली. आम्हांला वाघ हवा होता. या मुलुखात प्राण्यांच्या कथा म्हटल्या की वाघावाचून चालेल कसे? ताडोबाचे नाव ज्या तारू देवावरून पडले, त्याची गोष्ट आपण जाणता. तारू हा गावचा प्रमुख. वाघाशी झालेल्या झुंजीत तो पडला आणि देव झाला. तलावाच्या काठी मोठ्या झाडाखाली त्याचे स्थान आहे आणि पौषात तेथे जत्रा भरण्याची परंपरा आहे. ही कथा आम्हांला नेहमीच विलक्षण वाटत आली आहे. लोकांनी देव केले ते वाघ मारणाऱ्याला नव्हे. वाघाकडून मेलेल्याला केले. आणि वाघालाही शत्रू ठरवले नाही. शिवेवर वाघदेवाचा दगड बसवून त्यालाही शेंदूर लावला. ताडोबाचे राष्ट्रीय उद्यान १९५५ साली झाले, अंधारीसह व्याघ्रप्रकल्प १९९५ च्या सुमारास झाला. पण माणूस आणि वाघ यांच्यातला करार त्याहून किती जुना आहे!

तेव्हा जंगलाच्या कडेला असलेल्या एका गावी आम्ही गेलो आणि तेथल्या कुंभाराला म्हटले, आम्हांला तारूचा वाघ करून द्या. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "करून देतो जी. पण भाजताना तुम्हीच बसा इथं. आमच्या गल्लीतली बाई मागल्या साली तेंदूपत्त्याला गेली, ती वापस आली नाही. तिचं पोरगं दिवसभर माझ्या आव्यापाशी खेळते. त्याच्या डोळ्यांदेखत मी वाघ कसा भाजू?"

आम्ही वाघ न घेता परत आलो.

मित्रहो, आपण सभागृहात बसलो आहोत. या घटकेला याच दोन जिल्ह्यांत हजारो माणसे पहाटे अंधारात उठून तेंदूपत्ता तोडायला रानात जातात. त्याआधी मोहफुले वेचायला जात होती. त्यांतली काही दर वर्षी परत येत नाहीत. वाघ वाढले याचा आनंद आपण नगरवासी करतो आणि तो योग्यच आहे. वाघ गेला तर जंगल जाईल आणि जंगल गेले तर वैनगंगा आटेल. पण त्या आनंदाची किंमत आपण भरत नाही. ती आव्यापाशी खेळणारे ते पोर भरते. आणि आम्ही त्याच्या गल्लीत शोभेचा वाघ मागायला गेलो होतो! लोककथेतला प्राणी ही आम्हांला फळीवर ठेवायची वस्तू वाटली होती. त्या गावाला तो कथेतला नव्हताच.

त्या दिवशी आम्हांला वाटले, आपला सारा विचारच चुकला. इंग्लंडातून लांडगा आणि अस्वल केव्हाच नाहीसे झाले. तेथल्या कारागिराला प्राण्याची मूर्ती करताना भय नाही. केवळ आठवण आहे. आपल्याकडे आठवण आणि भय एकाच घरात राहतात. मग येथे मातीचा वाघ करूच नये काय?

उत्तर आम्हांला पुढच्या पावसाळ्यानंतर मिळाले. त्याच गावी पुन्हा जाणे झाले. कुंभाराने आपणहून विषय काढला. तो म्हणाला, तुम्ही गेल्यावर त्या पोराने माझ्याकडे माती मागितली. वाघ केला आणि काठीने ठेचला. दुसऱ्या दिवशी पुन्हा केला, पुन्हा ठेचला. असे कितीतरी दिवस चालले. मी माती देत गेलो, काही बोललो नाही. एके दिवशी त्याने केला आणि ठेचला नाही. शिवेवर वाघदेवापाशी नेऊन ठेवला. "भाजू काय, विचारलं मी. नाही म्हणाला. कच्चाच ठेवला. पावसात गेला वाहून."

या प्रसंगावर भाष्य करण्याचा आम्हांला अधिकार नाही. फक्त एक गोष्ट कळली ती सांगतो. वाघ घडवावा की नाही, हे आम्ही ठरवायचे नव्हते. ज्याला तो घडवायचा होता त्याच्या हाती माती पोहोचली पाहिजे, आणि त्याला कोणी घाई करता कामा नये. काम असेल तर एवढेच. त्या वृद्ध कुंभाराने ते केले. शाळामास्तरांना, डॉक्टरांना, आम्हां व्याख्यात्यांना जे सुचले नसते, ते त्याने रोज एक मातीचा गोळा देऊन केले. मातीच्या जनावरांचा विषय मुलांसाठी आहे का, असे चिटणीसांनी विचारले होते. होय, तो मुलांसाठी आहे. पण त्यांनी समजले त्या अर्थाने नव्हे.

आता समारोप करतो. वक्त्याने नुसते हळहळून खाली बसू नये, काही करण्यासारखे सांगावे, अशी या व्यासपीठाची रीत आहे. आमच्या तीन लहान सूचना आहेत.

पहिली अशी की, शाळांतून चित्रकलेच्या तासाला महिन्यातून एकदा तरी मुलांच्या हाती ओली माती द्यावी आणि गावच्या कुंभाराला गुरुजी म्हणून बोलवावे. फुकट नव्हे, इतर पाहुण्या शिक्षकांइतकेच मानधन देऊन. मुलांनी काय करावे हे सांगू नये. गोष्ट सांगावी आणि माती द्यावी.

दुसरी सूचना पोळ्याची. साच्यातले, चकचकीत रंगाचे बैल स्वस्त मिळतात, हे खरे. पण प्लास्टरचा बैल पाण्यात विरघळत नाही आणि त्याने कुंभाराचे पोटही भरत नाही. हाताने केलेला, वाकड्या शिंगाचा एक तरी बैल घरात आणावा. त्या वाकड्या शिंगामागे एक मनुष्य आहे.

तिसरी सूचना या नगरापुरती आहे. कोजागरीच्या रात्री आपण गच्चीवर दूध आटवतो आणि चंद्र पाहतो. चंद्रात ससा असतो, हे मुलांना सांगतो. त्या रात्री दुधाच्या पातेल्याशेजारी मातीचा एक ससा ठेवावा, कपाळावर पांढरा ठिपका असलेला. आणि मुलांना सांगावे की, वर दिसतो तो एक ससा, आणि ज्याच्या पावलांवर आपले हे नगर उभे आहे तो दुसरा.

राणीचा इशारा आठवतो ना? ससा जेथे मारला गेला, तेथेच नगराला धोका. मे १८१८ मध्ये इंग्रजी तोफांनी हा तट फोडला आणि पुढे सारेच राज्य गेले. तोफांचे दिवस आता संपले. पण राणीच्या बोलण्यात तोफांपलीकडचेही काही आहे. ज्या दुबळ्या जिवाने आपल्याला वाट आखून दिली, त्याला आपण जेथे मारतो किंवा विसरतो, तेथे आपली भिंत कच्ची राहते. मग तो ससा असो, कुंभार असो, की आव्यापाशी खेळणारे एखादे पोर असो.

 आमचा ससा येथे टेबलावर ठेवला आहे. जाताना ज्यांना पाहायचा असेल त्यांनी हातात घेऊन पाहावा. फुटेल म्हणून भिऊ नये. फुटला तर म्हातारा दुसरा करून देईल. आणि त्या निमित्ताने त्याच्याकडे आमचे पुन्हा एकदा जाणे होईल.